मित्रजिवाणू, तांबे आणि फवारणीची औषधे: ठाणे-नवी मुंबईच्या भाजीपाला उत्पादकांसाठी मार्गदर्शक

वांगी, टोमॅटो किंवा मिरचीच्या शेतात मर दिसू लागली की मुरबाड-शहापूरच्या बाजारापासून पनवेलपर्यंत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात बहुधा तीन गोष्टी एकाच पिशवीत मिळतात: कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची पुडी आणि स्यूडोमोनास या मित्रजिवाणूचा, म्हणजे रोगापासून पिकाला राखणाऱ्या जिवाणूचा, डबा. शेतकरी तिन्ही एकाच पिंपात कालवतो, झाडाच्या बुंध्याशी आळवणी करतो, म्हणजे ते द्रावण मुळाशी ओततो, आणि आठवड्याने फरक पडला नाही की जैविक औषधात काही दम नाही असे म्हणतो. खरे तर त्या पिंपातले जिवाणू मुळापर्यंत पोहोचण्याआधीच मेलेले असतात. तांबे आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही जिवाणू मारतात आणि त्यांना शत्रू-मित्र असा भेद कळत नाही.

या लेखाचा भर त्याच गोष्टीवर आहे: कोणते रसायन किंवा धातू मित्रजिवाणूंना नेमके काय करतो हे समजून घेऊन, दोघांमध्ये वेळेचे आणि जागेचे अंतर कसे ठेवावे. रसायने पूर्ण सोडून द्यावीत असा माझा आग्रह नाही. पण जिवाणूंवर पैसे खर्च करायचे असतील तर ते जिवंत ठेवायला हवेत.

आधी रोग ओळखा

ठाणे जिल्ह्यात वांगी-टोमॅटोची मर मुख्यतः दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा उपाय एक नाही. जिवाणूजन्य मर राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम या जिवाणूमुळे येते. आपली आम्लधर्मी जांभी माती, पावसाळ्यातला ओलावा आणि उष्णता या तिन्ही गोष्टी त्याला मानवतात. दुसरी फ्युझॅरियम बुरशीची मर. ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात त्याचे खालचे टोक जेमतेम बुडेल असा धरावा. ग्लासाच्या मागे काळा कागद धरून पाहिल्यास, जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधी रंगाचे धागे सरळ खाली उतरताना दिसतात. ते धागे म्हणजे झाडाच्या नळ्यांत दाटलेले जिवाणू असतात. फ्युझॅरियमच्या मरीत पाणी स्वच्छ राहते, पण खोड उभे चिरले की आतल्या नळ्या तपकिरी दिसतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला हवी. धागे उतरणारे झाड कोणत्याही मित्रजिवाणूने वाचत नाही. ते मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करावे. स्यूडोमोनास किंवा बॅसिलसचा उपयोग शेजारच्या निरोगी झाडांसाठी आणि पुढच्या लागवडीसाठी असतो. ज्या शेतात ही मर दरवर्षी येते तिथे आधी 'अर्का रक्षक'सारखे मर सहन करणारे टोमॅटोचे वाण निवडावे आणि जिवाणूंची जोड त्यानंतर द्यावी.

दोन जिवाणू, दोन स्वभाव

बाजारात रोगनियंत्रणासाठी प्रामुख्याने स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स आणि बॅसिलस सबटिलिस मिळतात. दोघेही मुळाभोवतीच्या मातीत वस्ती करतात, रोगकारकांना मारक द्रव्ये सोडतात, अन्न आणि जागा अडवतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. रसायनांपुढे मात्र दोघे अगदी वेगळे वागतात.

बॅसिलस प्रतिकूल काळात जाड कवचाचा बीजाणू बनवतो. पाकिटात बहुतांशी हे बीजाणूच असतात, म्हणून ते उन्हाळा सोसतात आणि बरीच बुरशीनाशकेही सोसतात. पण बीजाणू म्हणजे झोपलेला जिवाणू. आजूबाजूला तांबे किंवा थायरमसारखे बुरशीनाशक असेपर्यंत तो मरत नसला तरी उगवून कामालाही लागत नाही. प्रयोगशाळेत स्वच्छ माध्यमावर त्याची मोजणी केली तर आकडा उत्तम येतो, शेतात मात्र संरक्षण मिळत नाही. 'बॅसिलसला काही होत नाही, खुशाल मिसळा' या दुकानातल्या सल्ल्यातली खोच इथे आहे.

स्यूडोमोनास बीजाणू बनवत नाही. तो झपाट्याने वाढतो, मुळावर लवकर पसरतो, पण ऊन, कोरडेपणा आणि धातू यांपुढे लवकर हार मानतो. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढलेला स्यूडोमोनासचा डबा मुदतीत असला तरी घेऊ नये.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात: कीटकनाशक अधिनियम १९६८ खालील नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि जिवंत जिवाणूंची संख्या म्हणजे सीएफयू. जिवाणूंच्या भुकटीत ती प्रतिग्रॅम किमान १ × १०^८, म्हणजे दहा कोटी असायला हवी. तिन्हींपैकी एकही गोष्ट छापलेली नसेल तर डबा परत द्यावा.

औषध कुठे मारा करते ते पाहा

कोणत्या औषधासोबत कोणता जिवाणू चालतो हे सांगणारे सुसंगतीचे तक्ते पुष्कळ मिळतात, पण जिवाणूच्या प्रत्येक वाणाचे वागणे निराळे असल्यामुळे ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा औषध कोणत्या जागी मारा करते हे लक्षात घेतले तर बहुतेक निर्णय आपले आपल्याला घेता येतात.

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीच्या पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनावर काम करते. जिवाणूंमध्ये ते प्रथिन तशा स्वरूपात नसते, त्यामुळे स्यूडोमोनास आणि बॅसिलस यांना त्याची फारशी बाधा होत नाही. ट्रायकोडर्मा हे दुसरे जैविक औषध मात्र स्वतःच बुरशी असल्याने कार्बेन्डाझिमने मरतो. म्हणून 'जैविक' या एका शब्दाखाली ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास यांना एकच नियम लावणे चुकीचे ठरते. मेटालॅक्सिल हे बुरशीनाशकही जिवाणूंना तुलनेने सौम्य आहे.

मॅन्कोझेब, थायरम आणि कॅप्टान यांची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे पेशीतल्या गंधकयुक्त गटांशी जुळून एकाच वेळी अनेक विकरे (एन्झाइम) बंद पाडतात आणि ती विकरे जिवाणूंमध्येही असतात. फवारणीच्या मात्रेला स्यूडोमोनासची वाढ त्यांच्यामुळे बरीच मंदावते किंवा थांबते.

खरी गफलत जोड औषधांत होते. 'मेटालॅक्सिल चालते' हे ऐकून शेतकरी जे पाकीट आणतो त्यात बहुधा मेटालॅक्सिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के असते. कार्बेन्डाझिमच्या नावाने ओळखले जाणारे लोकप्रिय पाकीटही बऱ्याचदा कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के असते. म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने ती दोन्ही मॅन्कोझेबचीच पाकिटे झाली. मोठ्या अक्षरातले व्यापारी नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक आणि त्यांची टक्केवारी वाचल्याशिवाय काहीही मिसळू नये.

स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि भातावरील करप्यासाठी वापरले जाणारे कासुगामायसिन ही प्रतिजैविके जिवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवतात. यांच्यासोबत जिवाणू सोडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. शिवाय प्रतिजैविकांचा शेतातला वापर माणसांच्या उपचारांवर उलटतो. याच कारणाने केंद्र सरकारने २०२१ साली स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने थांबवणारा आदेशाचा मसुदा काढला. माझ्या मते मित्रजिवाणू वापरणाऱ्याने ही पुडी घरातच आणू नये.

इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झामसारखी कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात. जिवाणूंना मज्जासंस्था नसल्याने मूळ औषधाचा त्रास कमी होतो, पण 'ईसी' प्रकारच्या तेलकट औषधांतील द्रावके आणि पसरवणारे घटक जिवाणूंच्या पेशीचे आवरण बिघडवू शकतात. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे औषध जिवाणूंच्या पिंपात नको, एवढा साधा नियम पाळावा. तणनाशकांपैकी ग्लायफोसेट ज्या विकरावर मारा करते ते जिवाणूंमध्येही असते. स्यूडोमोनासच्या अनेक वाणांत त्याचा प्रकार चिवट असतो, तरी सर्वच वाणांत तो तसा नसतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा हे पिकासाठीही आवश्यक आहे.

तांबे: सर्वात मोठा अडथळा

तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू कमी होतात हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणात तेच तत्त्व कितीतरी अधिक तीव्रतेने काम करते. पाण्यात सुटलेला तांब्याचा आयन (विद्युतभारित कण) जिवाणूच्या आवरणाला धक्का देतो, विकरांना चिकटून त्यांना निकामी करतो आणि पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतो. बोर्डोमधला चुना हा आयन एकदम सुटू देत नाही, हळूहळू सोडतो. मात्र माती किंवा पाणी आम्लधर्मी असेल तर तांबे अधिक विरघळते, आणि ठाणे-रायगडच्या जांभ्या मातीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी सातच्या खालीच असतो. त्यामुळे घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तांब्याची जी मात्रा जिवाणू सोसतात ती इथे त्यांना जड जाऊ शकते.

तांबे कुजत नाही, उडून जात नाही. त्याचा हिशेब ठेवायला हवा आणि तो अवघड नाही. १ टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद असतो आणि मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. हेक्टरी ५०० लिटर फवारणी केली तर ५ किलो मोरचूद, म्हणजे सव्वा किलो तांबे शेतात गेले. पावसाळ्यात अशा तीन फवारण्या झाल्या तर पावणेचार किलो. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के हे लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात ५०० लिटर वापरले तर एका फवारणीत सुमारे ६२५ ग्रॅम तांबे जाते. तुलनेसाठी, युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो एवढी मर्यादा घातली आहे. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २,००० टन धरले जाते. तेव्हा दर दोन किलो तांब्यामागे मातीत किलोला सुमारे एक मिलीग्रॅम भर पडते. वीस वर्षे दरसाल पावणेचार किलो टाकलेल्या बागेत ही भर किलोला ३७ मिलीग्रॅमच्या आसपास जाते. त्यातले काही पावसाने वाहून जाते, काही सेंद्रिय पदार्थांना घट्ट बांधले जाते. पण जुन्या बागेच्या सावलीत भाजीचे वाफे करणाऱ्यांनी ही बेरीज विसरू नये.

उपाय तीन. पहिला, मुळाशी तांब्याची आळवणी आणि मुळाशी जिवाणू, यांपैकी एकच निवडावे. पानांवरील ठिपक्यांसाठी तांबे फवारायचेच असेल तर ते पानांपुरते ठेवावे आणि जिवाणू मातीतून द्यावेत. अशी जागेची वाटणी बऱ्याच अंशी चालते. मात्र आपल्या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैमध्ये पानावरचे तांबे दोन सरींत बुंध्याशी उतरते. म्हणून बुंध्याभोवती पेंढ्याचे आच्छादन असावे आणि पावसाच्या तोंडावर तांबे फवारू नये. दुसरा, मुळाशी तांबे आधीच टाकले असेल तर किमान दोन आठवडे थांबावे आणि जिवाणू उघड्या मातीवर न टाकता भरपूर कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावेत. शेणखतातील सेंद्रिय आम्ले तांब्याला बांधून ठेवतात आणि जिवाणूंना खाद्यही देतात. तिसरा उपाय सामूचा. माती परीक्षणात सामू साडेपाचच्या खाली आला असेल तर शिफारशीप्रमाणे चुना द्यावा, मात्र तो जिवाणूंच्या आधी दोन-तीन आठवडे.

लोह आणि जस्त: कमी-जास्तीचा खेळ

तांब्यासारखे लोह जिवाणूंना मारत नाही, उलट त्यांना ते हवेच असते. तरीही जिवाणूंच्या द्रावणात फेरस सल्फेट घालू नये, याचे कारण जिवाणू वाढवण्याच्या एका प्लेटवर (तबकडीवर) डोळ्यांनी पाहता येते.

स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स 'किंग्ज बी' या पोषक माध्यमावर वाढवतात. या माध्यमात लोह अगदी कमी असते. दोन दिवस वाढलेली प्लेट अंधारात नेऊन तिच्यावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला की वसाहतींभोवतीचे सारे माध्यम पिवळट हिरव्या प्रकाशाने उजळते. त्याच माध्यमात चिमूटभर फेरिक क्लोराइड मिसळून दुसरी प्लेट तयार केली तर वसाहती तशाच वाढतात, पण दिव्याखाली प्लेट काळोखीच राहते. जी चमक नाहीशी झाली ती पायोव्हर्डिन या द्रव्याची. लोहाची टंचाई असते तेव्हा जिवाणू ते बाहेर सोडतो, आसपासचे लोह त्यात पकडतो आणि फ्युझॅरियमसारख्या बुरशीला लोहाविना उपाशी ठेवतो. लोह सहज मिळू लागले की तो हे द्रव्य बनवणे बंद करतो. जिवाणू जिवंत, धष्टपुष्ट, पण त्याच्या हातातले एक शस्त्र गेलेले, अशी ही अवस्था असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८० साली हेच मातीत दाखवले: ज्या मातीत रोग आपोआप दबला जात होता तिच्यात बाहेरून लोह घातल्यावर तो दबाव नाहीसा झाला.

आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर आहे आणि आम्लतेमुळे त्यातले अधिक विरघळते, तेव्हा या एका शस्त्रावर इथे फार विसंबता येत नाही. म्हणून मारक द्रव्ये बनवणारे आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागवणारे वाण इथे अधिक उपयोगी पडतात असे मला वाटते, आणि स्यूडोमोनाससोबत बॅसिलसही द्यावा असे मी सुचवतो. पाने पिवळी पडून लोह द्यावेच लागले तर ते पानांवर फवारावे, मुळाशी चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधलेल्या) लोहाची आळवणी करू नये.

जस्ताची गंमत उलट दिशेची आहे. स्वित्झर्लंडच्या मातीतून मिळवलेल्या सीएचए० या प्रसिद्ध स्यूडोमोनास वाणावरच्या प्रयोगांत असे दिसले की फ्युझॅरियम बुरशी फ्युझॅरिक आम्ल सोडून या जिवाणूचे प्रतिजैविक बनवणे दाबते, आणि थोडे जस्त दिले की बुरशीची ती युक्ती चालत नाही. म्हणजे योग्य प्रमाणातले जस्त जिवाणूच्या बाजूने उभे राहते. पण जास्त जस्त विषारी असते. मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त किलोला ०.६ मिलीग्रॅमच्या खाली असेल तर झिंक सल्फेटची शिफारशीत मात्रा लागवडीपूर्वी जमिनीत मिसळावी. जिवाणूंच्या द्रावणात ते थेट टाकू नये, कारण पिंपातली तीव्रता मातीतल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. जिवाणूंचे द्रावण जस्ताच्या पत्र्याच्या बादलीत किंवा तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. प्लास्टिकचे पिंप वापरावे.

सांडपाण्याचे धातू

ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली येथील कारखानदारी आणि तिच्या शेजारची शेती हा आपल्या भागाचा वेगळा प्रश्न आहे. तळोज्याची कासाडी आणि अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचे प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आहेत. रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. अशा पाण्यातून कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल हे धातू येऊ शकतात. त्यांपैकी कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा जिवाणूला काहीच उपयोग नसतो. ते पेशीत शिरून आवश्यक धातूंच्या जागा बळकावतात. मित्रजिवाणूंची संख्या घटते, आणि जे टिकतात त्यांची बरीचशी शक्ती धातू बाहेर फेकणारे पंप चालवण्यात खर्च होते. मुळावर पसरण्यासाठी आणि रोगकारकाशी लढण्यासाठी उरते ते थोडेच.

धातू सहन करणारे वाण सापडतात आणि त्यांच्याविषयी मोठ्या उत्साहाने लिहिले जाते. त्या उत्साहाला इथे लगाम घालायला हवा. जिवाणू टिकला म्हणून भाजी सुरक्षित झाली असे होत नाही. काही जिवाणू धातूला बांधून ठेवतात, तर काहींची द्रव्ये त्याला मोकळे करून मुळाकडे नेऊ शकतात. जिथे धातूचा संशय आहे तिथे पालक, मेथी, चवळी यांसारख्या पालेभाज्या घेऊच नयेत आणि पाण्याचा स्रोत बदलावा. जिवाणूंचा विचार त्यानंतर.

तपासणी करून घेताना एक बाब विचारून घ्यावी. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा १२ बाबी असतात. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल त्यात नसतात. ते स्वतंत्र सांगून, शुल्क भरून तपासावे लागतात. पत्रिकेत तांब्यापुढे 'पुरेसे' लिहिलेले असते त्याचा अर्थ पिकाला कमतरता नाही एवढाच आहे. जास्त झाले आहे का, हे तो शब्द सांगत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष आकडा पाहावा. आपली माती बेसॉल्ट खडकातून तयार झाली आहे आणि त्या खडकातच तांबे बऱ्यापैकी असते, म्हणून एकूण तांब्याचा आकडा पाहून घाबरू नये. पिकाला आणि जिवाणूंना भेटणारे तांबे डीटीपीए या रसायनाने मातीतून वेगळे काढून मोजतात. शेजारच्या कधीही न फवारलेल्या माळाचा नमुना सोबत दिला तर तुलना नेमकी होते.

बाहेरून आणलेल्या शहरी कचऱ्याच्या कंपोस्टचा अहवालही मागावा. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोला कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबे ३०० आणि जस्त १,००० मिलीग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

मिसळण्यापूर्वी स्वतः तपासा

ठाणे, कल्याण, वाशी, पनवेल येथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. शेतकरी गटाने विनंती केली तर ही तपासणी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सहज बसते.

निर्जंतुक पाण्यात १० ग्रॅम भुकटी टाकून एकूण १ लिटर द्रावण करावे. डब्यावर १ × १०^८ लिहिले असेल तर या द्रावणात प्रति मिलिलिटर १ × १०^६, म्हणजे दहा लाख जिवाणू असायला हवेत. त्याचे दोन भाग करावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात ज्या औषधाची शंका आहे ते शेतातल्या मात्रेने घालावे. लगेच, एका तासाने आणि चार तासांनी दोन्हींतून १ मिलिलिटर काढून दहा-दहा पटींनी पातळ करत न्यावे आणि ०.१ मिलिलिटर माध्यमावर पसरावे. समजा १०^-३ पातळीच्या, म्हणजे हजार पट पातळ केलेल्या द्रावणाच्या, प्लेटवर ४५ वसाहती आल्या, तर मूळ द्रावणात ४५ × १,००० × १० म्हणजे साडेचार लाख जिवाणू होते, छापलेल्या संख्येच्या निम्म्याहून थोडे कमी. औषधाविना ठेवलेल्या भागातही आकडा असाच कमी असेल तर दोष औषधाचा नाही, डब्याचा आहे. औषधाच्या भागात चार तासांत आकडा दहा पटींनी घसरला तर ते मिश्रण विसरून जावे. बॅसिलससाठी मात्र ही मोजणी पुरेशी नाही, कारण बीजाणू तग धरून राहतात. त्यासाठी औषध मिसळलेल्या माध्यमावरच जिवाणू पसरून तो उगवतो का, ते पाहावे लागते.

महाविद्यालय गाठता आले नाही तर शेतातच एक ओळ जिवाणू आणि औषध यांची एकत्र, एक ओळ योग्य अंतर ठेवून आणि एक ओळ काहीच न देता ठेवावी आणि मेलेल्या झाडांची नोंद वहीत करावी.

भातानंतरच्या वांग्याचे वेळापत्रक

बियाण्यावर रासायनिक बुरशीनाशक आधीच लावलेले आहे का ते पाकिटावर पाहावे. रंगीत बियाणे असेल तर बहुधा थायरम किंवा तत्सम औषध असते. त्यावर जिवाणू लावण्यात अर्थ नाही, रोपांच्या मुळांना लावावेत. साध्या बियाण्याला किलोला १० ग्रॅम भुकटी थोड्या पाण्यात कालवून चोळावी, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू तिन्ही लावायचे असतील तर क्रम हाच ठेवावा, जिवाणू सर्वांत शेवटी.

राब भाजलेल्या (पालापाचोळा, शेण जाळलेल्या) जागेवर रोपे करत असाल तर राख ताजी असताना जिवाणू टाकू नयेत. आगीने वरच्या थरातले जिवाणू नष्ट झालेले असतात आणि राखेने सामू वर गेलेला असतो. एक-दोन चांगल्या सरी पडून राख मातीत मुरल्यावर दिलेले जिवाणू मात्र स्पर्धा कमी असल्याने चांगले रुजतात.

लागवडीच्या दोन आठवडे आधी हेक्टरी अडीच किलो भुकटी ५० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली ठेवावी, अधूनमधून पाणी शिंपडावे आणि लागवडीच्या वेळी सऱ्यांमध्ये द्यावी. या खतात सुपर फॉस्फेट किंवा युरिया मिसळू नये. रासायनिक खत झाडापासून चार बोटे दूर, वेगळे द्यावे. लागवडीच्या दिवशी लिटरला १० ग्रॅमच्या द्रावणात रोपांची मुळे अर्धा तास बुडवावीत. त्यानंतर दोन आठवडे मुळाशी कोणतेही बुरशीनाशक नको. साधारण महिन्याने संध्याकाळच्या वेळी, ओल्या जमिनीवर दुसरी आळवणी करावी. मध्ये पानांवर मॅन्कोझेब किंवा तांबे फवारावे लागले तर आळवणी आठ-दहा दिवस पुढे ढकलावी. मर झालेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर त्या जागेलाही तेवढीच विश्रांती द्यावी. पंप आणि पिंप आधीच्या औषधानंतर पाण्याने तीन वेळा विसळून घ्यावे. पिंपाच्या तळाशी राहिलेला निळसर थरही जिवाणूंना पुरून उरतो.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी

नेरुळ, खारघर, घोडबंदर येथील गच्च्यांवर आता मिरची-टोमॅटो मोठ्या प्रमाणावर पिकतात. तिथे जिवाणूंचा पहिला शत्रू नळाचे पाणी असू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम मुक्त क्लोरीन राहावा असा मानक दंडक आहे आणि तो जिवाणू मारण्यासाठीच असतो. जिवाणूंचे द्रावण करायचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत रात्रभर उघडे ठेवावे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. रंगकाम झालेल्या भिंतीचे खरवडलेले पापुद्रे कुंडीत पडू देऊ नयेत, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरी विसर्जित केलेल्या गणपतीची शाडूची माती कुंडीत घालण्याची चांगली प्रथा रुजते आहे. मूर्ती नैसर्गिक रंगांनी रंगवलेली असल्याची खात्री असेल तरच ती माती भाजीच्या कुंडीत घालावी, नाहीतर फुलझाडांना द्यावी. कुंडीतली माती थोडी असल्यामुळे एकदा साचलेला धातू तिथून सहसा हलत नाही, आणि अशा वेळी माती बदलणे हाच उपाय उरतो.